पाटाकडेचे गवत

वाचकहो, भर उन्हाळ्यात पाटाच्या दोन्ही कडांना हिरवे गवत दिसले, तर पाट फुटला असे तुमच्यापैकी कोणी म्हणेल काय? नाही म्हणणार. पाणी वाहते तिथे कडेला ओल असायची, आणि ओल असेल तिथे गवत उगवायचे, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. पण असलेच गवत आम्ही एकदा आईच्या डोक्याच्या फोटोत पाहिले आणि आमच्या घरात चार दिवस कुणाला घास गोड लागला नाही. ती हकीकत आज सांगतो. तिच्यात मिरवण्यासारखे काही नाही; उलट आमचे शहाणपण कमी पडले त्याचीच ती गोष्ट आहे. पण तसला कागद उद्या तुमच्याही घरी येऊ शकतो, म्हणून सांगायची.

आमचे गाव सिन्नर तालुक्यात, देवनदीच्या पाटावर. थोडी बागाईत, थोडी जिराईत, दोन गाई आणि कांदा, असा आमचा संसार. सिन्नर हे विड्यांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. आईने तरुणपणी शेतातले काम आटोपून, सूप मांडीवर घेऊन, रात्री चिमणीच्या उजेडात विड्या वळलेल्या आहेत. तंबाखूशी तिचा संबंध तेव्हापासूनचा. ती विडी कधी ओढत नसे, पण सकाळ-संध्याकाळ मिश्री लावल्याशिवाय तिला चैन पडत नसे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या भीतीचे मूळ त्यात आहे.

२०२३ सालचा जानेवारी महिना. उन्हाळ कांद्याची लागण चालू होती. सकाळच्या गार वाऱ्यात आई बायकांबरोबर वाफ्यात बसली होती. बोलता बोलता ती मध्येच थांबली. उजवा हात गालापर्यंत नेला, पण गालाला लावला नाही; तसाच अधांतरी धरला. पाच-सात सेकंदांनी हात खाली आला आणि ती पुन्हा रोप लावू लागली. “काय झालं आई?” असे आमच्या सौ.ने विचारले, तर म्हणाली, “काही नाही, दाढेत करंट बसल्यासारखं झालं.”

तो करंट मग वरचेवर बसू लागला. तोंडावर पाणी मारले की, भाकरीचा घास चावला की, कधी नुसते बोलले तरी उजव्या जबड्यात वीज कडाडून जायची. कळ जेमतेम काही सेकंद टिकायची. मधल्या वेळात दुखणे नाही, सूज नाही, ताप नाही. आई आधी भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागली, मग नुसत्या कण्यांवर आली. आम्हाला सर्वांना वाटले, दाढच असणार. दाढ काढली. कळ गेली नाही. शेजारची दुसरी काढली. तरीही गेली नाही. दाढा काढणाऱ्याला मी बोल लावत नाही. हे दुखणे दाढेचे सोंग घेऊन येते, आणि “काढून टाका एकदाची” असा आग्रह आमचाच होता.

शेवटी सिन्नरच्या एका जाणत्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्यासमोर बसली असतानाच आईला कळ आली. हात गालाजवळ गेला आणि न लागता थांबला. डॉक्टर म्हणाले, “आजी, गालाला हात का नाही लावला?” आई म्हणाली, “लावला की पुन्हा कळ येती.” डॉक्टरांनी तोंड उघडून आतून गाल, जीभ, हिरड्या नीट पाहिल्या. कापसाचा बोळा दोन्ही गालांवर फिरवून सारखेच कळते का ते विचारले. मग मला म्हणाले, “हे दाढेचं नाही, चेहऱ्याच्या नसेचं दुखणं दिसतंय. थोड्या मात्रेत गोळी सुरू करू. पण वय आहे, मिश्रीची सवय आहे, तेव्हा एकदा आतून बघून घेऊ. नाशिकला जाऊन शिरेत औषध टोचून एम.आर.आय. करून आणा, आणि तो कागद नसांच्या डॉक्टरांना दाखवा.”

एम.आर.आय. म्हणजे मोठ्या थोरल्या लोहचुंबकाच्या साह्याने काढलेला शरीराच्या आतला फोटो. त्यात क्ष-किरण नसतात. ही विद्या ज्यांनी उभी केली त्या पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड या दोघांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. शिरेत टोचायचे औषध गॅडोलिनियम नावाच्या धातूपासून बनवतात. १९८८ पासून ते वापरात आहे. औषध रक्ताबरोबर फिरते आणि जिथे ते थबकते ती जागा फोटोत पांढरी, उजळ दिसते. हे सारे मला नंतर कळले. त्या दिवशी मला एवढेच कळत होते, की आईला एका बोगद्यात घालणार आहेत.

सिन्नरहून नाशिक सुमारे ३० किलोमीटर. सकाळच्या एस.टी.ने आई, दादा आणि मी निघालो. दादा म्हणजे आमचे वडील. तिथे आधी मूत्रपिंडाची रक्ततपासणी पाहिली, कारण मूत्रपिंडे फार बिघडलेली असतील तर हे औषध जपून द्यावे लागते. अंगात कुठे धातूचा तुकडा, हृदयाला बसवलेले यंत्र आहे काय, ते विचारले. मग बाई म्हणाल्या, “अंगावरचं सगळं काढून ठेवा.” कानातले काढले, जोडवी काढली, पण मंगळसूत्रावर आई अडली. चाळीस वर्षांत ते गळ्यातून उतरले नव्हते. मग दादांनीच खिशातून हळदीत पिवळा केलेला दोरा काढला. सौ.ने निघताना तो आठवणीने त्यांच्याजवळ दिला होता. आईच्या गळ्यात दोरा बांधला आणि मंगळसूत्र रुमालात गुंडाळून दादा पाऊण तास बाहेर बाकावर बसून राहिले. आई बाहेर आली ती म्हणाली, “आत मळणीयंत्र चालल्यागत आवाज येतो रे. पण दुखलं काही नाही.”

शनिवारी संध्याकाळी कागद हातात आला. इंग्रजीत दोन पाने. नसांच्या डॉक्टरांची वेळ बुधवारची. आता वाचकहो, इथे माझी चूक झाली ती नीट ऐका. पुण्याला माझा भाचा इंजिनियरिंग शिकतो. मी पहिल्या पानाचा मोबाईलवर फोटो काढला आणि त्याला पाठवला. दुसऱ्या पानाचा पाठवला नाही. म्हटले, मुख्य मजकूर पहिल्याच पानावर असणार. तासाभराने त्याचा फोन आला. आवाज बारीक. “मामा, कवटीच्या तळाशी जी छिद्रं असतात, त्यातून जबड्याकडे नस जाते, त्या छिद्रात ‘एन्हान्समेंट’ आहे असं लिहिलंय. म्हणजे औषधानं ती जागा चमकतीय. मी शोधून पाहिलं. तोंडातला कर्करोग नसेच्या वाटेनं कवटीत शिरतो तेव्हा हे छिद्र असंच चमकतं.”

पोराने लबाडी केली नव्हती. त्याने वाचले ते खरेच होते, पण निम्मे होते. आणि निम्मे खरे कधी कधी पुऱ्या खोट्यापेक्षा जास्त घात करते.

मी सौ.ला सांगितले, भावाला सांगितले. आईला सांगायचे नाही असे ठरले. पण घरातली माणसे हळू बोलू लागली की म्हाताऱ्या माणसांना सगळे कळते. रविवारी आईने निफाडहून बहिणीला बोलावून घेतले आणि स्वतःच्या हातातल्या पाटल्या तिच्या हातात घातल्या. सोमवारी सौ.ला माळ्यावर नेऊन घेवड्याचे बी कुठल्या गाडग्यात, डांगराचे कुठल्या, आणि राखेत कालवून ठेवलेले कुठले, ते एकेक दाखवले. दादांना म्हणाली, “तुमचा चहा कमी गोडाचा करायला सांगितलाय तिला.” इकडे मी उपचाराच्या पैशासाठी दुभती गाय विकायची बोलणी केली. गिऱ्हाईक बुधवारी संध्याकाळी येणार होते. कांद्याची लागण अर्धी राहिली. उपटलेले रोप बांधावर सुकून गेले.

बुधवारी नसांच्या डॉक्टरांपुढे बसलो. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि आधी आईलाच सगळे विचारले. कळ केव्हा येते, किती वेळ टिकते, हनुवटी किंवा ओठ बधिर वाटतो काय, चावताना जोर कमी पडतो काय. बधिरपणा नव्हता, जोरही कमी नव्हता. मग त्यांनी फोटो पडद्यावर लावले. मी धीर करून म्हणालो, “साहेब, त्या छिद्रात चमक आहे म्हणे.” ते म्हणाले, “आहे ना. तुमच्या डोक्यात औषध टोचून फोटो काढला तर बहुतेक तुमच्याही छिद्रात दिसेल.”

मग त्यांनी समजावून सांगितले ते माझ्या शब्दांत सांगतो.

कवटीचा तळ सलग फळीसारखा नसतो. मेंदूतून निघालेल्या नसा आणि रक्ताच्या वाहिन्या यांना जायला त्यात लहान-मोठी छिद्रे आणि बोळ असतात. (नस म्हणजे इथे संवेदना वाहणारा मज्जातंतू; रक्ताच्या शिरा वेगळ्या.) चेहऱ्याची मुख्य नस मेंदूच्या देठापासून निघून पुढे येते आणि पाण्याने भरलेल्या एका लहानशा कप्प्यात शिरते. योहान फ्रीडरिक मेकेल या वैद्याने १७४८ साली त्या कप्प्याचे वर्णन केले, म्हणून तो त्याच्या नावाने ओळखला जातो. तिथे नसेला एक गाठ असते. ती रोगाची नव्हे, जन्माचीच, उसाच्या पेरासारखी. तिथून तीन फाटे फुटतात. पहिला एका फटीतून डोळ्याकडे व कपाळाकडे जातो, दुसरा एका गोल छिद्रातून गालाकडे, आणि तिसरा एका लंबगोल छिद्रातून खालच्या जबड्याकडे. हे लंबगोल छिद्र सुमारे ७ मिलिमीटर लांब आणि ४ मिलिमीटर रुंद, म्हणजे जवळजवळ गव्हाच्या दाण्याएवढे.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या छिद्रातून नस एकटी जात नाही. तिच्याभोवती रक्ताच्या बारीक शिरांचे जाळे असते. टोचलेले औषध रक्तातून फिरते, म्हणून त्या जाळ्यात ते उतरते आणि जाळे चमकते. पण निरोगी नसेला स्वतःची राखण असते. रक्तातले असले औषध ती सहसा आत घेत नाही. त्यामुळे निरोगी माणसाच्या फोटोत मध्ये काळसर ठिपका आणि भोवती पांढरे कडे, असे दिसते. काळा ठिपका म्हणजे नस, पांढरे कडे म्हणजे शिरांचे जाळे. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवले. उजवीकडे तसेच, आणि जिथे काही दुखत नव्हते त्या डावीकडेही तसेच!

इतका वेळ गप्प बसलेले दादा एकदम म्हणाले, “म्हणजे पाटाकडंचं गवत की हे!”

डॉक्टर क्षणभर पाहत राहिले. “कसं म्हणता बाबा?”

“पाट मधून जातो. कडेला ओल असती म्हणून गवत हिरवं. पाट काही फुटलेला नाही.”

डॉक्टर हसले आणि म्हणाले, “अगदी बरोबर. मी असंच सांगत जाईन आता.” मग त्यांनी आणखी दाखवले. जिभेची नस जाते त्या बोळात तर शिरांचे जाळे इतके दाट असते, की सगळा बोळ उजळून निघतो आणि नस त्यात काळ्या दोऱ्यासारखी दिसते. चेहरा हलवणारी जी दुसरी नस कानामागच्या हाडातून वळसे घेत जाते, तिच्या वळणावर आणि पुढच्या काही भागात निरोगी माणसालाही चमक दिसते. दोन्ही बाजूंची छिद्रेही तंतोतंत सारखी नसतात. एक थोडे मोठे, एक थोडे लहान, असे पुष्कळांचे असते. तेव्हा चमक आहे की नाही एवढ्यावरून काही ठरत नाही. चमक कशाची आहे ते पाहायचे.

“मग पाट फुटला हे ओळखायचं कसं?” दादांनी विचारले. डॉक्टर म्हणाले, की नस स्वतःच जाड होऊन चमकू लागते. छिद्र रुंदावते, त्याच्या हाडाच्या कडा खाल्ल्यासारख्या दिसतात. छिद्राच्या खालच्या तोंडाशी चरबीची स्वच्छ गादी असते ती नाहीशी होते. पाण्याचा तो कप्पा भरून येतो. पुढे पुढे चावण्याचे स्नायू त्या बाजूला बारीक होतात. आईच्या फोटोत यातले एकही नव्हते. आणि हे सगळे कागदाच्या दुसऱ्या पानावर, शेवटी, स्पष्ट लिहिलेले होते. छिद्रातली चमक शिरांच्या जाळ्याची व नेहमीची आहे, गाठ किंवा कर्करोगाची खूण नाही, असे. ते पान माझ्या पिशवीत चार दिवस घडी घालून पडले होते.

त्याच पानावर आणखी एक ओळ होती. मेंदूच्या देठाजवळ, नस जिथून निघते तिथे, एका रोहिणीचे वेटोळे उजव्या नसेला टेकलेले आहे. डॉक्टर म्हणाले, “दुखण्याचं कारण बहुतेक इथं आहे. प्रत्येक ठोक्याला ती रक्तवाहिनी नसेवर आदळते. मोटारीच्या केबलवरचं प्लॅस्टिक घासून गेलं की जसं शॉर्ट होतं, तसंच नसेवरचं आवरण झिजून होतं. मात्र अशी वाहिनी टेकलेली असूनही पुष्कळांना काही दुखत नाही. म्हणून फोटो आणि माणूस दोन्ही जुळवून पाहावे लागतात.” हेच दुखणे सिनेनट सलमान खान यांना होते आणि २०११ साली त्यांनी अमेरिकेत जाऊन त्यावर उपचार घेतले, असेही त्यांनी सांगितले. त्यावर आईने विचारले, “त्याच्यापण दाढा काढल्या का?”

पाहा, वाचकहो! ज्या ओळीने आम्हाला चार दिवस मारले ती ओळ निर्धोक होती, आणि ज्या ओळीत आईच्या कळांचे कारण होते ती आम्ही वाचलीच नव्हती.

कार्बामाझेपिनची गोळी डॉक्टरांनी हळूहळू वाढवली. सुरुवातीला आईला गरगरायचे. ते आठ-दहा दिवसांत कमी झाले. अंगावर पुरळ उठले तर गोळी थांबवून लगेच या, आणि मधूनमधून रक्त तपासत राहा, असे बजावून सांगितले होते. गोळीने भागले नाही तर ती रक्तवाहिनी नसेपासून दूर करण्याची शस्त्रक्रिया असते, पण आईला तिची गरज पडली नाही. तीन आठवड्यांनी तिने बाजरीची कडक भाकरी मागून घेतली आणि उजव्या बाजूने चावून खाल्ली. गाय आजही गोठ्यात आहे. गिऱ्हाइकाला मी त्याच बुधवारी वाटेतूनच फोन केला होता.

आता तुम्हाला दोन गोष्टी हात जोडून सांगतो.

पहिली अशी, की तपासणीचा कागद हा पंचनामा आहे, निकाल नव्हे. पंचनाम्यात पाटही लिहितात, गवतही लिहितात आणि फुटले असेल तर भगदाडही लिहितात. त्यातला एक शब्द उचलून घरात रडारड करू नका. सगळी पाने, विशेषतः शेवटचे पान, फोटोंसह घेऊन डॉक्टरांसमोर बसा. “हे नेहमीचं आहे की वेगळं? दुसऱ्या बाजूला असंच आहे का? दुखण्याशी हे जुळतं का?” एवढे तीन प्रश्न विचारायला इंग्रजी यावे लागत नाही. आणि डॉक्टरांची वेळ येईपर्यंत मन आवरत नसेल तर सिन्नरसारख्या जवळच्या गावातल्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना तरी कागद दाखवा. मी तेवढेही केले नाही.

दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. आमचे गवत निघाले म्हणून तुमचेही गवतच असेल असे धरून घरी बसू नका. तंबाखू, मिश्री, गुटखा यांची सवय असेल आणि तोंडातले फोड दोन-तीन आठवड्यांत बरे झाले नाहीत, तोंड उघडेनासे झाले, हनुवटी किंवा ओठ बधिर पडू लागला, चावण्यात जोर राहिला नाही, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. कर्करोग नसेच्या वाटेने कवटीत शिरू शकतो हे भाच्याने वाचले ते खोटे नव्हते.

आईची मिश्री सुटली. डॉक्टरांनी सांगितले तेव्हा ती नुसती मान हलवून गप्प राहिली होती. पण मार्चमध्ये होळी पेटली तेव्हा सगळ्यांच्या देखत तिने मिश्रीचा डबा आगीत टाकला. मग पाटल्यांचा विषय निघाला. बहीण परत द्यायला आली होती. आई म्हणाली, “दिलेलं परत घ्यायचं नसतं. आणि बरंच झालं की. मी गेल्यावर दिल्या असत्या तर तुझ्या हातात कशा दिसतात ते मला कुठं दिसलं असतं?”

त्या दिवशी संध्याकाळी दादा पाणी धरायला शेतावर गेले. मागोमाग मीही गेलो. पाटाच्या दोन्ही कडांना गवत दाट माजले होते. दादांनी त्यातले दोन पेंढे कापून गाईसाठी खांद्यावर घेतले, आणि आम्ही घरी आलो.